जुन्या घराच्या बेसमेंटमध्ये टिकी बार सापडला तर

न्यू जर्सी, इलिनॉय, ओहायो, मिशिगन असं कुठंही १९५० ते १९७५ च्या दरम्यान बांधलेलं घर विकत घेतलं, की बेसमेंटमध्ये काय निघेल याचा नेम नसतो. कधी गंजलेली भट्टी, कधी सुताराचं टेबल, आणि कधी चक्क बांबूचा ‘टिकी बार’, म्हणजे पॅसिफिकच्या बेटांच्या थाटात सजवलेला घरगुती बार. काउंटरवर गवताचं छप्पर, छताला टांगलेला काटेरी फुगा मासा आणि त्याच्या पोटात दिवा, भिंतीवर चटया, काचेचे गोळे अडकवलेलं मासेमारीचं जाळं आणि कोपऱ्यात डोळे वटारून उभा लाकडी पुतळा. जाहिरातीत मात्र ‘फिनिश्ड बेसमेंट’ एवढंच लिहिलेलं असतं.

आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो उखडण्याचा. तिथं होम थिएटर होईल, किंवा गणपतीला ऐसपैस जागा होईल. उखडायचं तर उखडा, पण पहिल्या महिन्यात नको. एक तर असा बार जागच्या जागी पूर्ण असेल तरच त्याला किंमत, सुटे तुकडे कुणी फारसं विचारत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. त्या काळचं बांधकामाचं सामान नुसतं असेपर्यंत बहुधा त्रास देत नाही, फोडलं की देतं. म्हणून खालचा क्रम शक्यतो मोडू नका.

हा बार इथं आला कसा

अमेरिकेतली दारूबंदी डिसेंबर १९३३ मध्ये उठली. त्याच सुमारास डॉन बीच नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या माणसाने हॉलिवूडमध्ये बांबू, जाळी आणि रमची पेयं यांचा एक छोटा बार उघडला. १९३४ मध्ये ओकलंडला व्हिक्टर बर्जरॉनने, म्हणजे ‘ट्रेडर व्हिक’ने, आपलं हॉटेल सुरू केलं आणि तेही लवकरच याच थाटाकडे वळलं. दुसऱ्या महायुद्धात लाखो अमेरिकन सैनिक पॅसिफिकच्या बेटांवर जाऊन आले. १९४७ मध्ये थोर हायरडालचा कॉन-टिकी तराफा पेरूहून पॉलिनेशियाला पोचला. २१ ऑगस्ट १९५९ ला हवाई हे पन्नासावं राज्य झालं आणि त्याच वर्षी होनोलुलूला जेट विमानं सुरू झाली. ज्यांना तिकीट परवडत होतं ते जाऊन आले. ज्यांना परवडत नव्हतं त्यांनी बेसमेंटमध्येच हवाई बांधलं. हे काम बहुतेक ठिकाणी घरमालकानेच शनिवार-रविवारी केलेलं असतं. त्यामुळे त्यात प्रेम भरपूर असतं आणि वायरिंग संशयास्पद.

मूळ नमुना बघायचा असेल तर सॅन फ्रान्सिस्कोच्या फेअरमॉंट हॉटेलातली टोंगा रूम (१९४५) किंवा फोर्ट लॉडरडेलचं माय-काय (१९५६) बघून या. टोंगा रूम हॉटेलच्या जुन्या पोहण्याच्या तलावाभोवती उभी केली आहे आणि तिथं ठरावीक वेळाने कृत्रिम पाऊस पडतो. तुमच्या बेसमेंटमधल्या माणसाच्या डोळ्यांपुढे असंच काहीतरी होतं.

आधी फोटो, झाडू नंतर

पहिल्या दिवशी फक्त टॉर्च, मोबाइल आणि मोजपट्टी घेऊन खाली उतरा. भिंतीवरचं एकही बटण दाबू नका. प्रत्येक भिंतीचा पूर्ण फोटो काढा, मग प्रत्येक फळीचा, मग काउंटरच्या मागच्या बाजूचा. जाळ्यातला गोळा कुठं आहे, मुखवटा कोणत्या खिळ्यावर आहे, हे नंतर आठवत नाही आणि पुन्हा लावताना सगळं ‘दुकानासारखं’ दिसायला लागतं.

काउंटरच्या खाली आडवं होऊन वर बघा. फळ्यांच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली तारीख, सही किंवा मापं सापडण्याची शक्यता असते. ड्रॉवरमधल्या काडेपेट्या, बिलं, पत्ते, कॉकटेल ढवळायच्या प्लास्टिकच्या काड्या यांपैकी काहीही फेकू नका. सगळं एका खोक्यात भरा, त्याचं पुढे काम आहे.

जिवावर बेतणाऱ्या गोष्टी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळायचा नाही.

पायाखाली ९ इंच चौरस लाद्या असतील, तर त्यांत आणि त्यांच्याखालच्या काळ्या डिंकात ॲस्बेस्टस आहे असंच धरून चाला. १२ इंची जुन्या लाद्यांतही ते असू शकतं, तसंच पाइपांभोवतीच्या पांढऱ्या पट्ट्यांत आणि छताच्या खरबरीत लेपात. लादी अखंड असेल तर ती जागेवर राहू द्यावी किंवा वरून झाकावी. घासणं, खरवडणं, ड्रिल मारणं मात्र बंद. नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि काढायचंच ठरलं तर परवानाधारक माणूस बोलवा. घरच्या व्हॅक्यूमने तर ती धूळ अजिबात ओढू नका, बारीक तंतू मागून पुन्हा हवेत येतात.

शिशाचा रंग अमेरिकेत घरांसाठी १९७८ मध्ये बंद झाला. त्याआधीचा खांब, दार किंवा रंगवलेला मुखवटा पॉलिश पेपरने घासायचा नाही, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

वीज तपासायला इलेक्ट्रिशियनच हवा. त्याला चार गोष्टी आवर्जून दाखवा: अर्थिंग नसलेली दोन तारांची केबल, १९६५ ते १९७३ च्या सुमाराची ॲल्युमिनियम वायरिंग, फेडरल पॅसिफिक किंवा झिन्स्को नाव असलेलं ब्रेकर पॅनल, आणि बारच्या सिंकजवळचे प्लग. सिंकजवळ जीएफसीआय, म्हणजे वीज गळताच आपोआप बंद होणारे, प्लगच पाहिजेत. काउंटरखाली जुनी ट्यूबलाइट असेल तर तिचा चोकही बघायला सांगा. १९७९ पूर्वीच्या चोकमध्ये पीसीबी नावाचं विषारी तेल असू शकतं. गळत असेल तर उघड्या हाताने शिवू नका.

बारमागचा छोटा फ्रिज दिसायला गोंडस असतो. त्याचं दार खटक्याने बंद होत असेल तर ते आजच काढून ठेवा. अशा फ्रिजमध्ये लपलेल्या मुलांना आतून दार उघडता येत नसे, आणि असे मृत्यू इतके झाले की १९५६ मध्ये कायदा करावा लागला. १९५८ च्या अखेरीपासून बनलेल्या फ्रिजांची दारं आतून ढकलून उघडतात. फ्रिज टाकायचा असेल तर आतला गॅस प्रमाणित तंत्रज्ञाकडून काढून घ्यावा लागतो.

सिंकमधून घाण वास येत असेल तर बहुधा खालच्या वाकड्या पाइपातलं पाणी आटून गटाराचा वायू वर येतोय. बादलीभर पाणी ओता. एवढ्यानेच वास गेला तर प्लंबरचे पैसे वाचले. आणि या खोलीत संध्याकाळी बसणार असाल तर रेडॉनची, म्हणजे जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूची, तपासणी कराच. किट स्वस्त मिळतं. ४ पिकोक्युरी प्रति लिटर किंवा त्याहून जास्त आकडा आला तर उपाय करावा, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते.

ओल आणि कीड

बांबू, वेत, गवत आणि चटई यांचा शत्रू बेसमेंटची ओल. काँक्रीटच्या उघड्या भागावर प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. खालच्या बाजूला थेंब धरले तर ओल जमिनीतून येतेय, वरच्या बाजूला धरले तर हवेतून. हवेतली असेल तर डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवली की निभावतं. जमिनीतली असेल तर आधी बाहेरच्या पन्हाळी, जमिनीचा उतार आणि निचरा बघा. बार दुरुस्त करून मग पाणी थांबवायला जाणं म्हणजे पैसे दोनदा घालवणं. बुरशी १० चौरस फुटांपेक्षा जास्त पसरली असेल तर ते काम माहितगारावर सोपवा.

आता कीड. बांबूवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला, तर तो बांबूच्या भुंगेऱ्याचा उद्योग. त्याला बांबूतला स्टार्च हवा असतो. कोकणात तोडलेला बांबू वाहत्या पाण्यात भिजत ठेवतात तो हाच स्टार्च निघून जावा म्हणून. बेसमेंटच्या हौशी सुताराने तेवढी खटपट केलेली असेलच असं नाही. पण भोकं दिसली म्हणजे कीड जिवंत आहे असं नव्हे, ती चाळीस वर्षांपूर्वी येऊन गेलेलीही असू शकते. खालचा भुगा पुसून काळा कागद पसरा आणि काही आठवडे वाट बघा. कागदावर नवा भुगा पडला तरच कीड चालू आहे. छोटे मुखवटे, टोपल्या वगैरे प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांला दोन आठवडे ठेवता येतात. बाहेर काढल्यावर सामान्य तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर पाणी सुटतं. काउंटरसारख्या मोठ्या गोष्टीला बोरेटचं द्रावण चालतं, पण ते फक्त कोऱ्या बांबूत मुरतं. व्हार्निश असेल तर वरच्या वर ओघळून जातं.

वय कसं काढायचं

मला विचाराल तर सगळ्यात मजेचा भाग हा, आणि त्यासाठी बाटल्याच पुरेशा आहेत. रिकाम्या असल्या तरी चालतील. काचेवर ‘फेडरल लॉ फॉरबिड्स सेल ऑर री-यूज ऑफ धिस बॉटल’ असं उठावाने कोरलेलं असेल तर ती १९३५ ते १९६४ मधली. बुचावरून गेलेली कागदी करपट्टी शिल्लक असेल तर १९८५ च्या आधीची. हिरवी पट्टी सरकारी देखरेखीखालच्या ‘बॉटल्ड इन बाँड’ मालाची, लाल बाकीच्यांची. लेबलवर ‘४/५ क्वार्ट’ असेल तर मिलिलिटरपूर्व काळातली, कारण १९८० पासून ७५० मिलिलिटर सक्तीचं झालं. गर्भवती स्त्रियांना आणि वाहनचालकांना दिलेला सरकारी इशारा छापलेला असेल तर ती नोव्हेंबर १९८९ नंतरची, म्हणजे कुणीतरी नंतर आणून ठेवलेली.

काडेपेट्याही बोलतात. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर १९६३ नंतरची. शहराच्या नावापुढे नुसता एक-दोन आकडी क्रमांक असेल तर त्याआधीची. फोन नंबरची सुरुवात दोन अक्षरांनी होत असेल तर तीही बहुधा जुनीच. चिनीमातीच्या वस्तूच्या बुडाशी ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असेल तर ती अमेरिकी ताब्यातल्या जपानची, म्हणजे १९५२ च्या आतली.

पुतळ्याच्या तोंडाचे पेले उलटे करून बघा. ‘ओएमसी, जपान’ म्हणजे ओटागिरी ही सॅन फ्रान्सिस्कोची आयात कंपनी. ‘ऑर्किड्स ऑफ हवाई’ लिहिलेलं असेल तर हुरळून जाऊ नका, ती कंपनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली आणि तिचा माल जपानमध्ये बनलेला. एखाद्या रेस्टॉरंटचं नाव असलेला पेला मात्र जपून ठेवा, संग्राहक त्यालाच जास्त विचारतात. जड, खडबडीत, छिन्नीने कोरून जाळून काळपट केलेलं फर्निचर दिसलं तर ते विटकोचं असू शकतं. वॉशिंग्टन राज्यातल्या विल्यम वेस्टेनहेवरची ही कंपनी होती. अशा खुर्चीवर नवं पॉलिश चढवलं की तिची किंमत उतरते.

काचेचे गोळे म्हणजे जपानी मच्छीमारांच्या जाळ्यांचे तरंगते गोळे. काचेत बुडबुडे, एका टोकाला काचेचाच चिकटवलेला गोल ठिपका आणि घासल्याच्या खुणा असतील तर खरे असण्याची शक्यता. गुळगुळीत, एकसारखे आणि भडक रंगाचे असतील तर ते सजावटीसाठीच बनवलेले.

काउंटीच्या कार्यालयात घराच्या बांधकाम परवान्यांची नोंद मिळते. बेसमेंट कधी फिनिश केलं, हे तिथं कळू शकतं. आणि गल्लीतल्या सगळ्यात जुन्या शेजाऱ्यांना चहाला बोलवा. त्या बारवर पार्ट्या होत असत तेव्हा ते तिथं नक्की होते.

साफसफाई

सत्तर टक्के घाण ही धूळ, आणि बाकीची सिगारेटच्या धुराचा चिकट पिवळा थर. धुळीसाठी मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम, व्हॅक्यूमच्या तोंडावर पातळ कापड बांधून. वरून सुरुवात करून खाली या. बांबूला कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, फडका घट्ट पिळलेला, आणि लगेच कोरडा हात. ब्लीच नको, तेलही नको, तेलावर धूळ दुप्पट बसते. स्पिरिट किंवा दारू लावून पुसायचा मोह होतो, पण त्या काळच्या पुष्कळ लाकडावर लाखेचं पॉलिश असतं आणि ते अल्कोहोलमध्ये विरघळतं. काउंटरवरचे पांढरे गोल डाग ग्लासांनी पाडलेले असतात आणि मला तरी ते ठेवावेसे वाटतात.

फॉर्मायकाला खायचा सोडा आणि पाण्याची पेस्ट पुरते. गंजाचे ठिपके पडलेल्या क्रोमच्या स्टुलांवर ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. स्टुलाची रेक्झिनची गादी फाटलेली नसेल तर मूळ कापड ठेवून आतला फोम तेवढा बदलून घ्या.

झाडाच्या सालीपासून केलेलं, भौमितिक नक्षीचं टापा कापड भिंतीवर असेल तर त्याला पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. काळ्या मखमलीवरच्या चित्रांनाही तोच नियम. पेल्यांवरचे लाल ओठ, पांढरे डोळे अनेकदा भाजल्यानंतर वरून रंगवलेले असतात. डिशवॉशरमध्ये घातलेत तर पुतळा आंधळा होऊन बाहेर येईल.

छप्पर आणि आग

२८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइट क्लबला आग लागली आणि ४९२ माणसं गेली. आगीची सुरुवात तळघरातल्या लाउंजमध्ये, कृत्रिम माड आणि छताला ताणलेलं कापड यांच्याजवळ झाली, आणि बाहेर पडायचे दरवाजे बंद किंवा अडलेले होते. तुमच्या बेसमेंटमध्येही वाळलेलं गवत, तळघर आणि एकच जिना अशी स्थिती असू शकते.

म्हणून जुनं गवत हाताने चुरगळत असेल तर ते काढून, अग्निरोधक प्रक्रिया केलेलं नवं लावा. मूळ वस्तू जपण्याचा माझा आग्रह इथं संपतो. सगळे बल्ब बदलून पिवळसर, कमी वॉटचे एलईडी घाला, फुगा माशाच्या पोटातला आधी. मेणबत्ती आणि पेटवलेली पेयं पूर्ण बंद. धुराचा अलार्म, काउंटरमागे अग्निशामक, आणि खोलीला खिडकीतून का होईना दुसरी वाट. ही वाट बार राहो न राहो, हवीच.

प्यायचं काय, कशातून

जुन्या चिनीमातीच्या पेल्यांच्या चकचकीत लेपात शिसं असू शकतं, आणि लिंबाचा आंबट रस ते ओढून घेतो. ते पेले फळीवर ठेवा आणि प्यायला नवे घ्या. जुन्या क्रिस्टलच्या सुरईत दारू साठवून ठेवू नका.

सीलबंद रम, व्हिस्की वर्षानुवर्षं टिकते. व्हर्माउथ, मलईयुक्त लिक्युअर आणि अर्धवट भरलेल्या गोड बाटल्या ओतून टाका. जुनी सीलबंद बाटली विकायची तर बहुतेक राज्यांत परवाना लागतो. केंटकीने मात्र परवानाधारक दुकानांना खासगी लोकांकडून अशा बाटल्या घ्यायची मुभा दिली आहे. आपल्या राज्याचा नियम पाहूनच जाहिरात टाका.

पहिलं पेय माय ताय असावं. ट्रेडर व्हिकच्या म्हणण्याप्रमाणे ते त्याने १९४४ मध्ये केलं. ६० मिली रम, १५ मिली ऑरेंज क्युरासाओ (संत्र्याचं लिक्युअर), एका लिंबाचा रस, साडेसात मिली बदामाचा पाक, तेवढाच साखरेचा पाक, चुरा केलेला बर्फ, वर पुदिना. यातला बदामाचा पाक म्हणजे केशर-वेलची न घातलेलं आपलं बदामाचं सरबत, त्यामुळे घरी करायला अवघड नाही. न पिणाऱ्यांना त्याच बर्फावर कोकम सरबत द्या, रंग बघून मुलं खूश होतात.

पुतळ्यांचं काय करायचं

टिकी हे माओरी आणि इतर पॉलिनेशियन लोकांच्या परंपरेतलं नाव आहे, पूर्वजांशी आणि देवांशी जोडलेलं. आपल्या देवांची चित्रं पायपुसण्यावर आली की आपण चिडतो, तर तिकडच्या माणसाला देवाच्या डोक्यातून रम पिणं कसं वाटत असेल, याचा अंदाज आपल्याला यायला हरकत नाही. बार मोडावा असं मी म्हणत नाही. बहुतेक पुतळे अमेरिकेत किंवा आशियात बाजारासाठीच कोरलेले असतात. पण एखादी वस्तू जुनी, हाताने वापरलेली, वेगळ्या लाकडाची वाटली, तर विकण्यापूर्वी संग्रहालयाशी संबंधित तज्ज्ञाला दाखवा. होनोलुलूचं बिशप म्युझियम (१८८९) या विषयातलं मोठं नाव आहे.

कासवाची पाठ, हस्तिदंत, प्रवाळ असं काही निघालं तर ते ऑनलाइन विकायला टाकू नका आणि भारतात नातेवाइकांना भेट म्हणूनही नेऊ नका. दोन्हीकडचे वन्यजीव कायदे यात कडक आहेत.

पुढे घर विकाल तेव्हा

ॲस्बेस्टसचा, रेडॉनचा अहवाल, इलेक्ट्रिशियनचं बिल आणि पहिल्या दिवशीचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा. १९७८ पूर्वीचं घर विकताना शिशाच्या रंगाबद्दल माहीत असलेलं सगळं खरेदीदाराला सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. बाकीचे नियम राज्यागणिक बदलतात. करारात बारचा स्वतंत्र उल्लेख करून घ्या. भिंतीला ठोकलेलं आणि वायरिंगला जोडलेलं ते घराबरोबर जातं, पेले-मुखवटे तुमचे, असा साधारण संकेत आहे. फुगा मासा छताच्या वायरिंगला जोडलेला असतो, त्यामुळे तो नेणार असाल तर तसं आधीच लिहा, किंवा घर दाखवायला सुरुवात करण्यापूर्वी उतरवून तिथं साधा दिवा लावा.